सायंकाळचा दीड तास



पांढुर्ण्याची गोटमार दूरवर ठाऊक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्यावर झेंडा चढतो आणि एका काठावरून पांढुर्णा, दुसऱ्या काठावरून सावरगाव एकमेकांवर दगड भिरकावतात. दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहण्याचा प्रयत्न प्रशासनाने केला होता. दगड थांबले नाहीत. समाजमाध्यमांची सवय सोडवू पाहणारे वडीलधारेही पुष्कळदा असेच चेंडू वाटत असतात. मुलाच्या हातातून फोन घेतात, पुस्तक ठेवतात, आणि मुलगा पुस्तक उघडे ठेवून फोनच्या आवाजाकडे कान लावून बसतो.

ही सवय केवळ मनाच्या दुबळेपणातून आलेली नाही. पुस्तकाचे प्रकरण संपते, वर्तमानपत्राला शेवटचे पान असते. फोनच्या पडद्यावर तशी थांबण्याची जागाच उरलेली नाही. मजकूर न संपता खाली सरकत राहील, अशी रचना एझा रास्किन या तंत्रज्ञाने २००६ साली केली आणि पुढे तिच्याविषयी त्यानेच खेद व्यक्त केला. त्यात भर पडते ती माणसांच्या ओढीची. वर्गातल्या साऱ्या मैत्रिणी जेथे बोलत आहेत, तेथून एकटीने उठून जाणे म्हणजे भरल्या पंगतीतून उठणे होय. एकवीस दिवसांत सवय बदलते, असे सर्रास सांगितले जाते. तेही खरे नव्हे. लंडनमधील एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागल्याचे दिसले, आणि माणसामाणसांतील अंतर १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होते.

सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी घरांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्याच जिल्ह्यातून हे दोन तालुके वेगळे होऊन २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला. राज्याचा कारभार हिंदीत, शाळाही बहुतेक हिंदीत, आणि मराठी घरात. नागपूरच्या आत्याचा चेहरा, एखादे कीर्तन, मराठी नाटक हे सारे आज फोनवरच येते; तेव्हा ‘फोन फेकून द्या’ हा उपदेश येथे शहाणपणाचा नाही. मात्र आजी नातवाशी मराठीत बोलेल अशी वेळ दिवसाकाठी एकच, दिवेलागणीनंतरची. फोन पहिला घास घेतो तो याच वेळेचा. शाळेने न दिलेली भाषा घराने द्यायची, तर ती याच तासा-दोन तासांत.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने हीच वेळ राखून दाखवली. टाळेबंदीच्या काळात शिक्षणासाठी हाती आलेला फोन शाळा उघडल्यावरही मुलांच्या हातून सुटेना. ऑगस्ट २०२२ मध्ये ग्रामसभेने ठराव केला. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजे. साडेआठपर्यंत घरोघरचे फोन आणि दूरदर्शन संच बंद. आरंभी पुरुषांनी थट्टा केली. स्त्रियांनी मात्र मालिकांचा आपलाही नाद मान्य करून पुढाकार घेतला. आशा कार्यकर्त्या, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर समजावीत फिरले. या योजनेचे मर्म भोंग्यात नाही. साऱ्यांचे फोन एकाच वेळी बंद असल्याने कोणी काही चुकवत नव्हते, आणि मुलांना गप्प करून बाप स्वतः पडद्याकडे पाहत बसला आहे, असा प्रकार उरत नव्हता. संकल्प एकट्याचा असता, तर तो आठवडाभरही टिकता ना.

पांढुर्णा काही तीन-चार हजार वस्तीचे खेडे नव्हे. सबंध शहराला एक भोंगा पुरणार नाही, आणि सक्तीला गोटमारीच्या गावात कोण जुमानणार? आरंभ एखाद्या गल्लीतल्या दहा घरांनी करावा. ज्या घरांत मुलांना बसायला जागा नाही, त्यांच्यासाठी ग्रंथालयाचे दार त्या वेळी उघडे असावे; तेथे मोठ्याने वाचण्यास, आजीने गोष्ट सांगण्यास मुभा असावी. वेळ मात्र घड्याळाकडे पाहून नव्हे, बागांकडे पाहून ठरवावी लागेल. संत्र्याची तोडणी सुरू झाली की माणसे उशिरा घरी परततात. त्या दिवसांत हा दीड तास आठनंतरचाच धरावा.