लेकीला शिबिराला पाठवावे काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



 मी काही व्याख्याती नव्हे. तेव्हा घरातल्याच एका प्रश्नावर चार शब्द बोलते.

आपल्या सातारा-सांगलीकडची पुष्कळ महाविद्यालये १९६२ साली कोल्हापुरास स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली आहेत. विद्यापीठाने परीक्षा घ्याव्या नि पदव्या द्याव्या, एवढेच आपण जाणतो. पण तेथे राष्ट्रीय सेवा योजनेचाही विभाग आहे. ही योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, देशातील ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तीत नाव घातलेल्या विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास, अशी दोन वर्षे, लोकांच्या कामी द्यायची. शिवाय एका खेड्यात सात दिवस शिबिरात राहायचे. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान नि गावची पाहणी, रात्री करमणूक. माण-खटाव, जत-आटपाडीकडे पाण्याची ओढ आणि कृष्णाकाठी २०१९ सारखा महापूर. अशा मुलुखात या हातांना काम कमी नाही.

माझ्या लेकीने शिबिराचे नाव काढले, तेव्हा मी सरळ ‘नाही’ म्हटले. थोरल्या मुलाला मात्र मीच डबा बांधून पाठविले होते! पुढच्या वर्षी ती हटून बसली नि गेली. मनाला चैन पडेना, म्हणून चौथ्या दिवशी मीही त्या गावी गेले. पाहते तो, वनराई बंधाऱ्यासाठी मुली मुलांच्या बरोबरीने वाळूची पोती भरीत होत्या. दुपारी पाहणीला लेकीबरोबर निघाले. ओसरीवर कारभारी मुलांशी बोलत होते. माझी लेक मात्र माजघरात गेली. तेथे एका म्हाताऱ्या बाईने पेटीतून कागद काढले. नवरा वारून चार वर्षे झाली होती, पण पगारणीचा अर्ज कुणी भरून दिला नव्हता. परक्या मुलापुढे ती हे बोलली नसती. लेकीने तिथेच बसून अर्ज भरला. मी मनात म्हटले, मुली गेल्या नाहीत, तर अर्धा गाव मुकाच राहील.

आपल्या भागाला हे नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली ती साताऱ्यास आणली. वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीस जेवत. त्या पंगतीसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या. ज्या भागात सेवेचा पाया एका बाईने घातला, तेथे लेकींना सेवेपासून अडवावे हे आपणांस शोभते का?

आयांची काळजी खोटी नाही. न्हाणीघर, झोपण्याची जागा, रात्रीची सोबत यांची चौकशी केलीच पाहिजे. म्हणून माझी सूचना अशी, की शिबिर असेल तेथे मंडळाच्या दोघीजणींनी पाळीपाळीने मुक्कामास राहावे. आणि शिबिर उठल्यावर महिन्याने त्या गावी पुन्हा जावे. बंधारा टिकला का, म्हातारीचा अर्ज पुढे सरकला का, हे विचारावे. सात दिवसांनी मुले परततात. गावची बाई तिथेच असते.

यंदा लेकीने विचारले, तर ‘नाही’ म्हणण्याआधी तिच्याबरोबर एक दिवस जाऊन या, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.