मण्याचा वेज

सातारा जिल्ह्यातल्या उंब्रजला तारळी नदी कृष्णेला मिळते. हा सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा. लाव्हा थंड होताना त्यात पोकळ्या राहिल्या, त्यांत सिलिका साठत गेली आणि अकीक तयार झाले. या अकिकाचे मणी महाराष्ट्रात फार पूर्वीपासून होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ सांगतो, की पैठणहून असे दगड भडोच बंदराकडे जात. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी उत्खनन केलं. तिथंही मणी निघाले. पुढं दीक्षितांनी भारतातल्या नक्षीदार मण्यांवर पुस्तकच लिहिलं.

अशा मण्यांची माळ पाहायची कशी? आधी वेज, म्हणजे मण्याचं भोक, पाहा. अकिकावर चाकूचा ओरखडाही उठत नाही. गुजरातमधल्या खंभातचे कारागीर कमानीनं फिरणाऱ्या सामत्याच्या टोकाला हिऱ्याच्या बारीक कण्या बसवतात आणि वर पाणी सोडत राहतात. एकाच बाजूनं आरपार गेलं तर पलीकडची कड फुटते, म्हणून वेज दोन्हीकडून पाडतात. तो मधोमध नीट जुळला असेल, तर हात कसलेला होता असं समजा.

मग रंग पाहा. तांबडा अकीक खाणीतून बहुधा पिवळट-तपकिरीच निघतो. तो उन्हात वाळवतात, मडक्यात राखेत ठेवून भाजतात. दगडातल्या लोहामुळं तांबडा रंग खुलतो. आच जास्त झाली तर दगड तडकतो. एकसारखा, आतून उजळलेला तांबडा रंग ही संयमाची कमाई आहे.

शेवटी ओवणी आणि घडण. तुलनेसाठी एक परदेशी माळ घेऊ. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतले प्वेब्लो कारागीर शिंपल्याच्या आणि फिरोजाच्या चकत्यांना आधी वेज पाडतात, त्या ओवतात आणि अख्खी सर सहाणेवर घासावी तशी दगडावर घासतात. त्यामुळं सगळे मणी एका व्यासाचे होतात आणि सर दोरीसारखी वळते. आपल्याकडं प्रत्येक अकीक मणी वेगळा घडतो, त्याचे पट्टे वेगळे. तिथं सरीची एकरूपता पाहायची, इथं मण्यामण्यातला फरक.

कोल्हापूरला जाल तेव्हा टाउन हॉल संग्रहालयात जरूर जा. ब्रह्मपुरीच्या वस्तू तिथंच आहेत. घाई करू नका. एका मण्यापुढं थांबा आणि वेज, मग रंग, मग घडण या क्रमानं तो पाहा. ज्याला वेज वाचता आला, त्याला कोणत्याही देशाची माळ कळेल.