धागा सांधण्यापासून



संशोधनावर आम्ही बोलावे, याचे काहींना हसू आले असेल. ते रास्तच आहे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, रद्दीतून आणलेल्या पुस्तकांवर झाले. तेव्हा पदव्यांची चर्चा आम्ही करणार नाही. आमची एक फजिती सांगतो. विषय तिच्यातूनच निघेल.

वीसेक वर्षांपूर्वी आमच्या मनाने घेतले की, यंत्रमागावरील कामगारांच्या खोकल्याची आणि बहिरेपणाची पाहणी करायची. साच्यांच्या खडखडाटात माणसे खुणांनी बोलतात आणि घरी गेल्यावर बायकामुलांशी ओरडून बोलतात, हे भिवंडीत कोणाला सांगायला नको. आम्ही दोनशे फॉर्म छापले, आठ दिवसांत भरून घेतले आणि मोठ्या ऐटीने गठ्ठा एका अधिकाऱ्यापुढे ठेवला. गृहस्थ सभ्य होते. त्यांनी आमचाच पहिला प्रश्न वाचून दाखवला : "सुताच्या धुळीमुळे तुम्हाला खोकला होतो ना?" मग शांतपणे विचारले, "यांत विडी ओढणारे किती? साच्यावर येऊन कोणाला किती वर्षे झाली? याच गल्लीत राहणाऱ्या, पण साचा न चालवणाऱ्या माणसांना विचारलेत काय?" आमच्यापाशी एकाचेही उत्तर नव्हते. उत्तर आम्ही प्रश्नातच घालून ठेवले होते! खोकला खरा, माणसे खरी, आणि कागद तेवढा कुचकामी. दोनशे माणसांनी विश्वासाने सांगितलेले आमच्या अडाणीपणापायी वाया गेले. याची बोच अजून आहे.

पुढे काही वर्षांनी एका कांडी भरणाऱ्या बाईंची मुलगी कचेरीत आली. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. सुटीत तिच्या कॉलेजात दहा दिवसांचा वर्ग झाला होता : प्रश्न कसा विचारावा, कोणाकोणाला विचारावा, मोजमाप कसे घ्यावे, नोंदवही कशी ठेवावी. तिने तो जुना फॉर्म पाहिला आणि भीत भीत म्हणाली, "काका, राग मानू नका, पण यात 'ना' कशाला?" दहा दिवसांच्या शिकवणीने एवढे डोळे उघडतात, तर ती शिकवणी सर्वांना का नसावी?

कोणी म्हणेल, आधी विषय पक्का होऊ द्या, संशोधन एम.एस्सी.नंतर. आमच्या धंद्यात असे चालत नाही. पोराला दोन वर्षे साच्यावर व्याख्याने देऊन मग धोटा हाती देत नाहीत. तो पहिल्या दिवसापासून तुटलेला धागा सांधतो. सांधता सांधता साचा कळतो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने 1969 सालीच पदवीच्या मुलांना प्राध्यापकांच्या संशोधनात हाताशी घेण्याची योजना सुरू केली. ते दूरचे झाले. पण मानखुर्द तर दूर नाही! तेथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने 2004 साली उपक्रम काढला : बी.एस्सी.चे पहिले वर्ष संपवलेल्या मुलांना शिबिराला बोलवायचे आणि त्यांतल्या काहींना जाणत्या संशोधकाच्या हाताखाली प्रकल्प द्यायचा. आपल्या विद्यापीठांची 'आविष्कार' स्पर्धाही 2006 साली सुरू झाली. म्हणजे वाट आहे. ती आमच्या गल्लीपर्यंत आलेली नाही.

2020 च्या शैक्षणिक धोरणाने पदवीला चौथे वर्ष जोडले. संशोधनासह ऑनर्स त्या वर्षात, आणि त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण हवेत. आता ही अट कामगाराच्या घरात नेऊन पाहा. त्या मुलीला तिसरे वर्षही पुरे करता आले नाही. वडिलांचे काम सुटले आणि ती गोदामात हिशेबाला लागली. चौथ्या वर्षी उघडणारे दार तिच्या काय कामाचे? म्हणून आम्ही पहिल्या वर्षाचा आग्रह धरतो.

मात्र हे वर्ग प्रमाणपत्रे वाटण्याचे होऊ नयेत. तसेही चालते, दोन तास भाषण, चहा, फोटो, की झाले संशोधन. मुलांना खरा प्रश्न द्या. आवाज मोजायचा तर यंत्र कामगाराच्या कानापाशी धरा, पाळीत तीन वेळा मोजा, त्या वेळी किती साचे चालू होते ते लिहा. याच नाक्याच्या पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे कोसळली आणि झोपेतली माणसे गेली. भिंतीच्या भेगेवर काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवून तारीख घालावी. काच तडकली तर भेग सरकते आहे, इतके कळते. इमारत टिकेल की नाही हे इंजिनिअरने सांगावे. पण त्याला वेळीच बोलावण्याइतकी नोंद एफ.वाय.ची मुलेही ठेवू शकतात.

नाक्यावर बी.एन.एन. महाविद्यालय आहे, सभोवती साच्यांच्या गल्ल्या आहेत. दोघांमध्ये रस्ता तेवढा आहे. येथे बसलेल्या कारखानदार मंडळींना विनंती की, वही घेऊन आलेल्या मुलांना दारातून परत पाठवू नका. आणि आमच्या युनियनवाल्यांनाही सांगतो : मुलांची मोजणी आमच्या भाषणाविरुद्ध गेली, तर भाषण बदलावे लागेल, मुलांवर डोळे वटारायचे नाहीत. हे आम्हाला जड जाईल, ठाऊक आहे.

तो दोनशे फॉर्मांचा गठ्ठा कचेरीच्या कपाटात अजून आहे. संध्याकाळी सहानंतर कचेरी उघडी असते. ज्या मुलांना पाहायचा असेल त्यांनी यावे. नवा फॉर्म त्यांनी करावा, छपाईचे आम्ही बघू.