काळविटांचा उन्हाळा



हैदराबादहून विजयवाड्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत ‘महावीर हरिण वनस्थली’ हे राष्ट्रीय उद्यान आहे. एके काळी ही निजामाची शिकारीसाठी राखलेली भूमी होती. भगवान महावीरांच्या निर्वाणाच्या अडीच हजाराव्या वर्षाची आठवण म्हणून १९७५ साली तिला हे नाव मिळाले. जिथे हरणे मारण्यासाठी राखली जात, तिथेच ती अहिंसेच्या उपदेशकाच्या नावाखाली निर्भयपणे चरू लागली.

एप्रिल-मे महिन्यांत येथे येणारी मुले मात्र बहुधा हिरमुसतात. गवत वाळलेले, सावली विरळ. पाठ्यपुस्तकातले घनदाट वन कुठेच दिसत नाही. वास्तविक वन्यजीव पाहण्यास हेच दिवस सोयीचे. पाने गळल्याने नजर दूरवर पोहोचते. सकाळच्या कोवळ्या उन्हात काळविटांचे कळप मोकळ्यावर येतात, भर दुपारी सावली धरून बसतात. प्रौढ नर ठरावीक जागी लेंड्या टाकून आपली हद्द आखतो. मुलांना याचे हसू येते. पण हद्दीवरून माणसांत जितके खटले चालतात, तितके तिथे चालत नाहीत.

उन्हाळ्यातील निगराणी म्हणजे प्रथम पाणी. सिमेंटचे पाणवठे बशीसारखे उथळ आणि उतरते बांधलेले असावे लागतात, म्हणजे पाडस किंवा घोरपड आत घसरली तरी चालत बाहेर येते. ते नुसते भरून भागत नाही. शेवाळ घासून काढावे लागते.

यापेक्षा अवघड काम आहे ते माळ मोकळा राखण्याचे. १९५० साली कन्हैयालाल मुनशींनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून शाळाशाळांतून रोपे लावली जात आहेत. सवय उत्तमच, पण काळविटाच्या माळावर तीच घातक ठरू शकते. त्याचे सारे संरक्षण डोळ्यांत आणि पायांत असते. शत्रू दुरून दिसला पाहिजे आणि धावायला वाट मोकळी पाहिजे. घाणेरी आणि वेडी बाभूळ माजली, की दोन्ही हिरावले जाते. हौसेने लावलेली दाट झाडीही तेच करते. मराठीत ‘माळ’ या शब्दाला ‘ओसाड’ हे विशेषण इतके चिकटले आहे, की तिथे काही राहते याचाच विसर पडतो. वृक्षारोपणाची रोपे शाळेच्या आवारात शोभतील. माळावर जाणाऱ्या मुलांच्या हाती, वनखात्याच्या अनुमतीने, घाणेरी उपटण्याचे काम द्यावे.

वणव्याची भीती असतेच. म्हणून उन्हाळा लागण्यापूर्वी गवताचे पट्टे साफ करून जाळरेषा काढतात. एखाद्याने निष्काळजीपणे टाकलेली विडी या पट्ट्याशी अडली, तर पलीकडचे गवत वाचते. हरिणी आपले नवजात पाडस पहिले काही दिवस अशाच गवतात दडवून चरायला जाते. धोका जाणवला तरी ते पाडस उठून पळत नाही, निपचित पडून राहते.