ॲबरव्हॅनचे आईबाप

वेल्समधील ॲबरव्हॅन या खाणकामगारांच्या गावी २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी सव्वानऊच्या सुमारास, झऱ्यावर रचत नेलेला आणि पावसाने भिजून जड झालेला कोळसाखाणीच्या टाकाऊ मातीचा प्रचंड ढीग डोंगरावरून घसरून खालच्या शाळेवर कोसळला. जी १४४ माणसे दगावली त्यांत ११६ मुले होती. ज्या बापांनी त्याच खाणीत उमेदीचे दिवस घालविले होते, ते फावडी घेऊन धावले आणि आपल्याच लेकरांवरची माती उपसू लागले.

काळ जाईल तसा पुत्रशोक निवतो, असे आपण फार सहज बोलून जातो. मला वाटते, त्याआधी त्याला सत्याची भूक असते. मृत्यूच्या चौकशीत गुदमरणे, जखमा अशी कारणे वाचली जात असता एक पिता उठला, आणि दाखल्यावर कोळसा मंडळाने जिवंत पुरले असे लिहा, असे त्याने निक्षून सांगितले. तो दुःखाने भ्रमिष्ट झाला नव्हता. पुढल्याच वर्षी न्यायाधिकरणाने सारा दोष राष्ट्रीय कोळसा मंडळाच्याच माथी मारला.

त्या मातांनी आपले मंडळ काढले, पुरुषांनी गायनवृंद उभारला. ज्याला काही समजावून सांगावे लागत नाही, अशा माणसाशेजारी बसण्याचे मोल मोठे असते. पण वाचलेल्या मुलांचे काय? शेजारच्या आईबापांच्या जखमा चिघळू नयेत म्हणून ती कित्येक दिवस रस्त्यावर खेळायलाही उतरत नसत, आणि त्यांचे हे मुके दुःख मोजायला कोणतेही दप्तर नव्हते.

सरकारी दप्तरांची रीत मात्र निराळी. आपद्ग्रस्तांसाठी जमलेल्या मदतनिधीतून रक्कम देण्यापूर्वी आईबापांची त्या मुलावर कितपत माया होती याची शहानिशा करावी, असा आग्रह धर्मादाय आयुक्तांनी धरला. याहून क्रूर प्रश्न मी तरी ऐकलेला नाही. डोंगरावर उरलेले ढीग डोळ्यांपुढून हटवा, म्हणून त्या लोकांना आकांत करावा लागला, आणि अखेर १९६८ साली त्या कामासाठी त्यांच्याच निधीतून दीड लाख पौंड काढून घेण्यात आले. ती रक्कम सरकारने १९९७ साली, व्याजावाचून, परत केली. तोवर त्या आईबापांपैकी कित्येक निवर्तले होते.