गाय घेण्याआधी आपला मुलूख पाहा



इंदूरहून मानपूरचा घाट उतरून निमाडात गेलं की हवा पालटते. आपला माळवा समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच. उन्हाळ्यातही इथल्या रात्री निवतात. खाली नर्मदेच्या खोऱ्यात, खरगोनकडे, मे महिन्यात पारा कित्येकदा ४५ अंशांवर जातो. हवेबरोबर गुरंही पालटतात. वर पांढरी-करडी, भरदार माळवी. खाली तांबड्या अंगावर पांढरे ठिपके मिरवणारी काटक निमाडी.

माळवी बैल एवढा दांडगा का? उत्तर काळ्या मातीत आहे. पाऊस पडला की ती नांगराला चिकटते, तिथं हलक्या बैलाचा निभाव लागत नाही. कृष्णाकाठची कृष्णा खोरे जातही याच कारणानं वजनदार. माणदेशात चारा कमी, म्हणून खिल्लार सडपातळ आणि चपळ. अकोले-इगतपुरीच्या धुवाधार पावसात डांगी टिकते, कारण तिच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो.

आता नांगर ट्रॅक्टर ओढतो आणि सगळा हिशेब दुधावर आला आहे. शेजाऱ्याच्या गोठ्यात काळी-पांढरी होल्स्टिन दिसली की आपल्यालाही तीच हवीशी वाटते. ती मूळची नेदरलँड्स आणि उत्तर जर्मनीच्या थंड कुरणांतली. वजन सहाशे किलोंच्या घरात. गाईला दररोज वजनाच्या अडीच ते तीन टक्के कोरडा चारा-खुराक लागतो. म्हणजे हिला पंधरा ते अठरा किलो. साडेतीनशे किलोंच्या माळवी गाईचं नऊ-दहा किलोंत भागतं. शिवाय मोठ्या देहाला वजनाच्या मानानं कातडी कमी, आणि जास्त दूध म्हणजे पोटात जास्त उष्णता. ती बाहेर टाकायची कुठून? देशी गाईला मात्र घर्मग्रंथी जास्त, केस आखूड, गळ्याखाली पोळी सैल.

खात्री करून घ्यायची असेल तर मे महिन्यात दुपारी तीन वाजता गोठ्यात घड्याळ घेऊन उभे राहा. होल्स्टिन गाईची कूस मिनिटात किती वेळा वरखाली होते ते मोजा. साठ-सत्तरच्या वर गेली, तोंडातून लाळ गळू लागली, की उन्हाचा त्रास सुरू झाला असं समजा. त्या दिवशी ती चारा सोडते, दूध आटतं, पुढं गाभण राहायलाही त्रास देते. शेजारी बांधलेली देशी गाय त्याच वेळी निवांत रवंथ करत असते.

म्हणून होल्स्टिनचं रक्त असलेली संकरित गाय नकोच, असं मी म्हणणार नाही. शहराजवळ दुधाला भाव आहे, विहिरीला पाणी आहे, बारमाही हिरवा चारा, सावली आणि पंखा आहे, तिथं ती जरूर पाळावी. पण विदेशी रक्त निम्म्याच्या आसपास राहू द्या. त्यापुढे दुधाच्या आकड्यापेक्षा औषधाचं बिल वाढतं. चारा बेताचा असेल तर होल्स्टिनपेक्षा लहान चणीची जर्सी-संकर बरी. आणि ज्याच्याकडे सोयाबीनचं कुटार व गव्हांडा यापलीकडे काही नाही, त्यानं माळवीच ठेवावी, निमाडात निमाडी.

कृत्रिम रेतनाला डॉक्टर आले की वीर्यमात्रा कोणत्या जातीच्या वळूची, त्यात विदेशी रक्त किती, हे विचारून घ्या आणि गाईच्या नावापुढे वहीत लिहून ठेवा.