अधिकाऱ्याची भेट वर्गापर्यंत पोहोचावी



मालवणात भरलेल्या या जिल्हा शैक्षणिक परिषदेचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार. आज मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. ओरोसच्या जिल्हा मुख्यालयात झालेला निर्णय देवबाग-तळाशीलच्या किनाऱ्यावरच्या पहिलीतल्या मुलाच्या वाचनापर्यंत कसा पोहोचतो?

दहावीच्या निकालात आपला कोकण विभाग २०१२ पासून दरवर्षी राज्यात पहिला येतो. याचा अभिमान आहेच. पण दहावीचा निकाल तिसरीतले मूल कुठे अडले आहे ते सांगत नाही. आणि आपली तिसरी-चौथी आज अवघड परिस्थितीत आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. घरटी माणसे मुंबईला गेली आणि शाळेचा पट घसरला. एका खोलीत चार इयत्ता, शिकवायला एक किंवा दोन शिक्षक. त्यातले काही घाटावरचे. मुलांची मालवणी कानात बसते न बसते तोच त्यांची आंतरजिल्हा बदली होते.

अशा शाळेत अधिकारी येतात तेव्हा काय घडते? हजेरीपट तपासला जातो, पोषण आहाराचा साठा पाहिला जातो, लॉगबुकात शेरा लिहिला जातो. या तपासण्या आवश्यक आहेत. पण तेवढ्यावर भेट संपली, तर मुलाला त्यातून काही मिळत नाही. तेच अधिकारी पट्टीवर मुलीशेजारी बसले, तिची वही उघडली, तर दिसते की फळ्यावरचे ‘बाजारात’ तिने सुवाच्य उतरवले आहे. पण पुस्तकात तोच शब्द आला की ती ‘बा’पाशी थांबते. तिला उतरवता येते, वाचता येत नाही. हे गुरुजींच्या लक्षात आणून देणे आणि उद्या सकाळी काय करायचे ते दोघांनी मिळून ठरवणे, याला मी शैक्षणिक नेतृत्व म्हणतो.

हे घडू शकते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी जिल्हा परिषदेच्या साध्या शाळांत ज्ञानरचनावाद रुजवला. काड्यांचे गठ्ठे, बिया, जमिनीवर आखलेल्या चौकटी यांतून मुले आपली आपण शिकू लागली. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. पुढे २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला, तेव्हा कुमठ्याचे नाव सगळ्यांच्या तोंडी होते. मात्र पुष्कळ ठिकाणी फरश्या तेवढ्या रंगल्या. शिक्षकांबरोबर बसून विचार करणारा अधिकारी हे कुमठ्याचे खरे बळ होते, आणि शासन निर्णयाच्या प्रतीबरोबर ते पाठवता येत नव्हते.

न्यूझीलंडच्या संशोधक व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये शालेय नेतृत्वावरच्या २७ अभ्यासांचा आढावा घेतला. मुख्याध्यापक शिक्षकांच्या शिकण्याला चालना देतात आणि त्यात स्वतः सहभागी होतात, तिथे मुलांच्या प्रगतीवर सर्वाधिक परिणाम दिसला. ही कसोटी शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी आणि केंद्रप्रमुखांनीही स्वतःला लावून पाहावी.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, केंद्राच्या शिक्षण परिषदेत सूचनांचे वाचन थांबवावे. प्रत्येक शिक्षकाने अडलेल्या एका मुलाची वही आणावी आणि त्या वहीवर चर्चा व्हावी. दुसरी, ‘माहिती तातडीने सादर करावी’ हे संदेश शाळेच्या वेळेत पाठवू नयेत. दोन शिक्षकी शाळेत एक गुरुजी माहिती भरायला बसले, की दोन इयत्ता त्या तासापुरत्या पोरक्या होतात. तिसरी, केंद्रप्रमुखांची रिक्त पदे भरावीत आणि बदलीने जाणाऱ्या शिक्षकाच्या जागी दुसरा हजर झाल्याशिवाय त्याला कार्यमुक्त करू नये.

पट कमी आहे, हे आपले दुखणे आहे आणि आपली संधीही आहे. दहा-बारा मुलांच्या शाळेत प्रत्येक मूल नावानिशी ओळखता येते, त्याची अडचण नेमकी सांगता येते. मोठ्या शहरांतल्या कितीतरी अधिकाऱ्यांना हे शक्य नाही, आपल्याला आहे. तेव्हा अधिकारी मित्रांनो, पुढच्या भेटीत लॉगबुकाआधी मुलाची वही उघडा. जिल्ह्याची गुणवत्ता तिथेच ठरते.